नॉर्वेहून मिनेसोटात आलेल्या घराण्याचा माग: दोन भाऊ, दोन आडनावं

प्रश्न – सून_मिनेसोटाची

माझं सासर मूळचं नॉर्वेचं. सासूबाईंकडे जुनं बायबल आहे. त्याच्या पहिल्या पानावर तपकिरी पडलेल्या शाईत नवरा-बायको आणि चार मुलांची नावं, खाली ‘बाक्केन, वाल्ड्रेस’ आणि १८६९ हे साल. तिसऱ्या मुलीच्या नावापुढे क्रूस काढलाय आणि त्याच वर्षीच्या जुलैची तारीख आहे. म्हणजे बहुधा प्रवासातच गेली.

आमच्याकडे बाक्केन आडनाव चालत आलं. बरोबर आलेला धाकटा भाऊ मात्र ओल्सन लावायचा, एवढंच सासूबाईंना माहीत आहे. त्याचे वंशज कुठे असतील? सासूबाई थकल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत हे जुळावं असं फार वाटतं.

उत्तर – जुनी_दप्तरं

ताई, आडनावाच्या मागे लागू नका. बापाचं नाव ‘ओले’ असेल तर मुलगा ओल्सन, मुलगी ओल्सदात्तर आणि पुढे राहत्या शेताचं नाव, अशी तिथली रीत. शेत बदललं की तेही बदलायचं. कायम आडनाव सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्याने. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असण्यात नवल नाही. शिवाय बाक्केन नावाची शेतं नॉर्वेत ढिगाने आहेत, त्यामुळे वाल्ड्रेस भागातला नेमका परगणा (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) कळायला हवा.

तो बहुतेक वेळा अमेरिकेतच सापडतो. कुटुंब ज्या लुथरन चर्चला जायचं, तिथल्या नोंदवह्या आधी बघा. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदारांची नावं असतात आणि ते साक्षीदार सहसा काका, मामा, मावशी असेच जवळचे. धाकटा भाऊ तिथे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

परगणा कळला की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘डिजिटालार्किव्हे’ उघडा. फुकट आहे. १८६५ ची जनगणना तुमच्यासाठी सोन्यासारखी, कारण निघण्याआधी चारच वर्षांची. नवरा, बायको, मुलं यांची पहिली नावं आणि वयं एकत्र जुळवा. एकट्या ‘ओले’ने हजारो निघतील, अख्खं कुटुंब जुळलं तर ते तुमचंच.

उत्तर – सागरवाट

एलिस आयलंडमध्ये, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या नोंदणी केंद्राच्या याद्यांमध्ये, वेळ घालवू नका, ते उघडलं १८९२ मध्ये. त्या काळात पुष्कळ नॉर्वेजियन कॅनडातल्या क्वेबेकला उतरून पुढे जात. तिथल्या प्रवासी याद्या १८६५ पासूनच्या मिळतात. मूळ गावच्या चर्चच्या वहीत परगणा सोडून गेलेल्यांची यादी असते, तीही पाहा.

सून_मिनेसोटाची

क्रूस असलेल्या मुलीचं नाव दोन वर्षांनी जन्मलेल्या मुलीलाही दिलेलं आहे. लिहिताना चूक झाली असेल का?

जुनी_दप्तरं

चूक नाही. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या बाळाला द्यायची तिथे पद्धतच होती. दोघींच्या नोंदी वेगळ्या ठेवा, वंशावळीत हमखास गल्लत होते ती इथेच. आणि थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव देत, त्यावरून मागची पिढी ताडून बघता येईल.

वंशजांसाठी धाकट्या भावाला १८७०, १८८० आणि १९०० च्या अमेरिकन जनगणनेत शोधत पुढे या. १८९० ची जवळजवळ सगळी आगीत गेली. १९५० ची खुली झाली आहे, म्हणजे त्याच्या नातवंडांपर्यंत पोचाल. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळींचं मोठं ग्रंथालय आहे. बायबलच्या त्या पानाचा चांगला फोटो काढून त्यांना पाठवा, जुनी लिपी तिथली माणसं सराईतपणे वाचतात.