१८०२ : न्यायालयाचे सत्र कायद्याने पुढे ढकलणे उचित होते का?

मूळ मत
सर्वोच्च न्यायालयाचे सत्र केव्हा भरावे, हे अमेरिकेची राज्यघटना सांगत नाही. ते काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कायद्याने ठरवते. १७८९ मध्ये फेब्रुवारी व ऑगस्ट आणि १८०१ मध्ये जून व डिसेंबर असे महिने नेमले गेले, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एप्रिल १८०२ च्या कायद्याला. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या पक्षाने मार्चमध्ये १८०१ चा कायदा रद्द करून त्याने निर्माण केलेली सोळा फिरत्या न्यायाधीशांची पदे मोडीत काढली आणि त्याची घटनात्मकता तपासली जाण्यापूर्वीच जूनचे सत्रही काढून टाकले. नेमणूक होऊनही नियुक्तिपत्र न मिळालेले विल्यम मार्बरी यांचा ते मिळवण्यासाठीचा अर्जही त्याच सत्रात ऐकला जायचा होता. डिसेंबर १८०१ नंतर न्यायालय भरले ते थेट फेब्रुवारी १८०३ मध्ये. खटला दारात उभा असताना दार बंद करणे याला मी वेळापत्रक म्हणणार नाही.

प्रतिसाद १
आपण हेतूवर फार भर देत आहात. पदे रद्द झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवर प्रांतोप्रांती फिरून खटले चालवण्याचे काम पुन्हा आले, आणि त्या काळचे रस्ते पाहता राजधानीत वर्षातून दोन सत्रे भरवणे त्यांना जड गेले असते. शिवाय ऑगस्टमध्ये एका न्यायाधीशाने राजधानीत येऊन आवश्यक आदेश द्यावेत, अशी तरतूद होतीच. पुढे १८२६, १८४४ आणि १८७३ मध्येही तारखा बदलल्या; ऑक्टोबरचा पहिला सोमवार १९१६ च्या कायद्याने आला. तेव्हा कोणी गळचेपीची तक्रार केली नाही.

मूळ लेखक
प्रवासाचे कारण तपासून पाहावे. मार्चचा कायदा १ जुलै १८०२ पासून लागू होणार होता, म्हणजे जूनचे सत्र जुन्याच व्यवस्थेत, फिरतीचा भार येण्यापूर्वी, सहज भरले असते. नेमके तेच वगळले गेले. नंतरच्या बदलांच्या वेळी असा वाद टांगणीला नव्हता.

प्रतिसाद २
परंतु फेब्रुवारीत सत्र भरल्यावर काय झाले, हेही पाहा. २ मार्च १८०३ रोजी स्टुअर्ट विरुद्ध लेअर्ड खटल्यात न्यायालयाने नव्या व्यवस्थेच्या बाजूने निर्णय दिला. मग विलंबाने कोणाचे काय बिघडले?

मूळ लेखक
तोपर्यंत न्यायाधीश फिरतीवर जाऊनही आले होते. जावे की नकार द्यावा, हे सरन्यायाधीश मार्शल यांना सहकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारावे लागले. न्यायाधीश चेस यांचा कल नकाराकडे होता, पण बाकीच्यांनी मान तुकवली. जूनमध्ये सहाही जण एका टेबलाभोवती बसले असते, तर निकाल कदाचित हाच लागला असता. पण तो मोकळेपणाने लागला असता, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे.