सदुसष्ट की साठ सात? दुसरीच्या वर्गात या आठवड्यात चाललेली मारामारी

मुलुंडचा बाबा
मुलगा दुसरीत, मराठी माध्यम. या आठवड्यात वर्गात ५१ ते ९९ चालू आहे. वाचन, अक्षरी लेखन आणि शनिवारी श्रुतलेखन. बाई संख्या म्हणणार, मुलांनी अंकांत लिहायची.

काल रात्री घरी सराव घेतला. मी म्हटलं 'सदुसष्ट'. पोराने आधी ७ काढला, मग शेजारी ६. झाले ७६. 'त्रेपन्न' म्हटलं तर ३५. दहापैकी सहा उलटे. हाच मुलगा हातच्याची बेरीज बिनचूक करतो. म्हणजे गणित येतंय, अडतंय ते नावांपाशी. मग सहज म्हटलं, 'साठ सात'. लगेच ६७. तशा दहा घातल्या, दहाही बरोबर.

२०१९ आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं होतं. केवढा गदारोळ झाला, विधिमंडळातसुद्धा विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं मुलांना जड जातात, शिवाय बोलायचा क्रम एक आणि लिहायचा दुसरा. माझा मुलगा तेव्हा रांगत होता आणि मी टिंगलीचे मेसेज पुढे ढकलत होतो. ते सगळे आज मागे घेतो.

माझं मत: दुसरीत 'साठ सात' हेच मुख्य असावं. जुनी नावं कानावर पडून येतील हळूहळू. बोला.

परळची सुलू
साफ नामंजूर. तुम्ही म्हणता कानावर पडून येतील. कुणाच्या तोंडून पडणार? शाळेत नाही, घरात आईबाप 'सिक्स्टी सेव्हन' म्हणतात.

आणि 'वीस एक' या शब्दांना मराठीत आधीपासून अर्थ आहे हो. 'वीस एक माणसं आली होती' म्हणजे साधारण वीस. हळदीकुंकवाला 'तीस एक बायका येतील' असं सासूबाईंनी सांगितलं तर मी वाणं किती आणू? तीसच्या आसपास की मोजून एकतीस? भाषेत राहत्या घरात भाडेकरू घुसवल्यासारखं आहे हे.

आठ बावन्न फास्ट
आमच्याकडे वाद मिटला आहे, कारण मुलगी इंग्रजी माध्यमात, तिसरीत. परवा दादरला भाजी घेताना मावशी म्हणाल्या, "पंचेचाळीस झाले." लेक माझ्याकडे बघते, "म्हणजे किती, बाबा?" मावशींनीच 'फॉर्टी फाय' सांगितलं, वर माझ्याकडे असं पाहिलं की पिशवीत तोंड घालावंसं वाटलं.

२०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली, तिलाही आहे. कविता पाठ आहे, उताऱ्याखालचे प्रश्न सोडवते. पण आकडे गणितात येतात आणि गणित इंग्रजीत. मधल्या मध्ये आकडे गेले. तेव्हा मुलुंडकर, तुमचा पोरगा उलटं का होईना लिहितोय, नशीबवान आहात.

खडूफळा
मी मनपाच्या मराठी शाळेत अठरा वर्षं पहिली-दुसरी शिकवते. दोघांनाही थोडं थोडं रागावणार आहे.

पहिलं म्हणजे 'एकवीस' पुस्तकातून कुणी काढलं नव्हतं. दोन्ही वाचनं शेजारी शेजारी होती. भांडणाऱ्यांनी पुस्तक उघडलं असतं तर निम्मं भांडण तिथेच संपलं असतं.

दुसरं, मुलं कुठे अडतात ते पाहा. 'सात' हा एकच अंक, त्याची सोंगं मोजा: सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. कुठे सत्ता, कुठे सद, कुठे सत्ते, कुठे सदु, कुठे सत्त्या. सात वर्षांच्या मुलाने यातला 'सात' ओळखायचा, तो आधी ऐकायचा आणि नंतर लिहायचा. त्यात शंभराच्या पुढे गेलं की 'एकशे सदुसष्ट': शंभर आधी, मग सात, मग साठ. म्हणजे पेन डावीकडे, मग उजवीकडे, मग मध्ये. माझ्या वर्गातली हुशार मुलं शेवटचे दोन अंक लिहिण्याआधी हवेत बोट फिरवतात, तेव्हा समजायचं की डोक्यात उलटापालट चाललीय.

मी काय करते: आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावून. सहा गठ्ठे, सात सुट्ट्या. 'साठ आणि सात' असं म्हणत मोजायचं आणि मग सगळ्यांनी मोठ्याने 'सदुसष्ट'. म्हणजे साठ आणि सात ही समज झाली आणि सदुसष्ट हे नाव झालं. मुलाचं नाव शाळेत एक आणि घरी एक असतंच की.

माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी हिंदी. तिथेही हीच उलटी रीत, वर ७९ ला 'उन्यासी' आणि ८९ ला 'नवासी'. ती मुलं आमच्या 'एकोणऐंशी'पाशी आली की चेहरे बघण्यासारखे होतात.

माटुंग्याचा अप्पा
आमच्या घरी कानडी. २७ म्हणजे 'इप्पत्तेळु', वीस आधी, सात नंतर. तमिळ, तेलुगूतही तसंच. मनपाच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, त्यात या तिन्ही भाषा आहेत. म्हणजे याच शहरात, याच वयाची मुलं सरळ क्रमाने मोजतायत. मग ती सगळी गणितात पुढे का नाहीत? माझा भाचा 'इप्पत्तेळु' म्हणूनही वजाबाकीत आपटतो.

उलट जर्मन लोक 'सात आणि वीस' असंच म्हणतात. त्यांची यंत्रं काही उलटी फिरत नाहीत. नावांना उगाच डोक्यावर घेतलंय.

निवृत्त गिरगावकर
आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा रोज संध्याकाळी दिवेलागणीला म्हणायचो. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आजच्या किती जणांना ठाऊक आहे? परवचा बंद झाला आणि

मुलुंडचा बाबा
काका, परवच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे नको.

@अप्पा, यंत्र बनवणारा जर्मन तीस वर्षांचा असतो. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याला शनिवारी दहापैकी चार मिळाले तर तो 'मला गणित येत नाही' असं घरी येऊन सांगणार. नावं न आल्याचा दंड गणिताच्या खात्यात का?

@सुलू, वीसेकचा मुद्दा मान्य, तो मला सुचला नव्हता. पण वर्गात कुणी वाणं वाटत नाही.

@खडूफळा, तुमच्यासारख्या बाई सगळीकडे नाहीत. आमच्या वर्गात काड्या नाहीत, फळ्यावर यादी आहे आणि घरी 'पाच वेळा लिहा'.

परळची सुलू
मग भांडण यादीशी करा, सदुसष्टशी कशाला? काड्या आणायला किती लागतात? आणि सोपं करायचं तर सगळंच करू. 'दीड', 'अडीच' काढून 'एक अर्धा', 'दोन अर्धा' म्हणू. रिक्षावाल्याला दीडशेची नोट सुट्टी मागून बघा त्या भाषेत.

आठ बावन्न फास्ट
दीडशेची नोट नसते ताई 🙂

परळची सुलू
कळलं काय म्हणायचं होतं ते.

मुलुंडचा बाबा
शनिवारचा निकाल. तीन संध्याकाळी काड्यांचे गठ्ठे केले (कुल्फीच्या काड्या, कुल्फ्या मलाच संपवाव्या लागल्या). दहापैकी आठ. सदुसष्ट बरोबर, त्रेपन्न बरोबर. नव्व्याण्णवही बरोबर, क्रिकेटमुळे. चुकलं त्यात एक त्र्याऐंशी आणि दुसरं एकोणऐंशी. त्र्याऐंशी नेहमीसारखं उलटं. पण एकोणऐंशीला लिहिलंय ८९.

खडूफळा
त्या ८९ वर चिडू नका. तो उलटा नाही लिहिलेला. 'ऐंशी' ऐकलं म्हणून ८ आधी, आणि 'एकोण' म्हटलं की शेवटी ९ येतो हे त्याने स्वतः हेरलंय. फक्त ऐंशीतून एक वजा करायचा राहिला. सोमवारी आठ गठ्ठे द्या त्याच्या हातात आणि त्यातली एक काडी काढून घ्या. रबर सोडावं लागेल, तिथेच कळेल त्याला.

मुलुंडचा बाबा
'सत्तर नऊ' म्हटलं असतं तर रबर सोडावंच लागलं नसतं, एवढंच नोंदवून ठेवतो.

परळची सुलू
नोंदवा. आणि खरं सांगायचं तर एकोणऐंशी लिहिताना मीसुद्धा अजून अर्धा सेकंद थांबते. पण लिहिते ७९ च.