लहान मुलांचे फॅन्सी ड्रेस आयात करताना कस्टमचा कोड कोणता? ९५०५ (सण-करमणुकीच्या वस्तू) की ६१/६२ (कपडे)? (दशरथ आयसीडी, वडोदरा)

रावपुरा_ठोक
चीनहून मुलांच्या फॅन्सी ड्रेसचा पहिला कंटेनर मागवतोय. न्हावा शेवाला उतरून दशरथ आयसीडीला, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोला येईल. चार प्रकार आहेत: परीचा फ्रॉक पंखांसकट, समुद्री चाचा (शर्ट, पँट, टोपी, प्लास्टिकची तलवार), डायनोसॉरचा टोपीवाला अखंड ड्रेस, छातीवर दिवे लागणारा अंतराळवीर. मापं ८० ते १४० सेमी. पुरवठादाराने सगळ्यांवर ९५०५ ९० लिहिलंय, सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) म्हणतो कपड्यांत टाका. ऐकायचं कोणाचं?

कोडवाचक
सीएचएचं.

पुरवठादार लबाडी करतोय असं नाही, तो अमेरिकेच्या सवयीने लिहितोय. तिथे २००३ मध्ये ‘रूबीज’ या ड्रेस कंपनीच्या खटल्यात फेडरल सर्किट न्यायालयाने तकलादू, वेलक्रोवर बंद होणारे, कच्च्या कडांचे ड्रेस ९५०५ मध्ये ठेवले. पक्क्या शिलाईचे ड्रेस तिथेही कपड्यांतच जातात. आपल्याकडे त्या निकालाचा आधार घेऊन बसू नका. आपल्या कस्टम टॅरिफच्या ९५ व्या प्रकरणाची टीप १ वाचा: ६१ किंवा ६२ मध्ये बसणारा कापडी फॅन्सी ड्रेस त्या प्रकरणातून वगळलेला आहे. ९५०५ मध्ये राहतात मुखवटे, खोटी नाकं, दाढ्या-मिश्या, कागदी टोप्या.

आता कापड बघा. होजियरी (फासे घालून विणलेलं) असेल तर ६१, वोव्हन (मागावर विणलेलं) असेल तर ६२. नुसत्या नावावर जाऊ नका. सॅटिन बहुतेक वोव्हन असतं, पण ताणलं जाणारं स्वस्त ‘वेल्वेट’ बहुतेक वेळा होजियरीच निघतं. परीच्या घेराची नेट तर हमखास फसवते, कारण दिसायला सारख्या दोन जाळ्यांपैकी एक निटिंग मशीनवरची असू शकते. भिंगाखाली फासे दिसले की होजियरी, उभे-आडवे धागे दिसले की वोव्हन. वरचा भाग एक आणि घेर दुसरा असेल, तर फ्रॉकला मूळ रूप कशाने येतं त्यावर ठरतं. सॅटिनचा फ्रॉक ६२०४ ४३, होजियरीचा ६१०४ ४३, दोन्ही सिंथेटिक धरून. पंख त्याच पाकिटात असतील तर ते फ्रॉकसोबत जातात.

डायनोसॉर होजियरीचा असेल तर ६११४ ३०. वोव्हन असेल तर ६२११, आणि तिथे गंमत आहे. मागून वेलक्रोवर बंद होणारा कपडा मुलाचा की मुलीचा हे ओळखता आलं नाही, तर तो मुलींच्या ओळीत टाकायचा असतो, म्हणजे ६२११ ४३. कायद्याने तुमचा डायनोसॉर मुलगी.

मापपट्टी
८० सेमीचं विसरू नका. शरीराची उंची ८६ सेमीपर्यंत असलेल्या मुलांचे कपडे ‘बाळांचे’ धरतात: होजियरी ६१११, वोव्हन ६२०९. म्हणजे एकाच डिझाइनचे मापानुसार दोन कोड होतात. लेबलवर ‘१८-२४ महिने’ एवढंच असेल तर वाद होणारच. उंची सेमीमध्ये छापून घ्या आणि पॅकिंग लिस्टमध्ये ८६ पर्यंतचे नग वेगळ्या ओळीत टाका.

रावपुरा_ठोक
आणि चाचाचा सेट एकच कोडमध्ये जाईल ना?

कोडवाचक
नाही. टॅरिफच्या विभाग ११ ची (कापड आणि कपडे) टीप १४ सांगते की वेगवेगळ्या शीर्षकांतले कापडी कपडे एका पाकिटात असले तरी आपापल्या शीर्षकातच जातात. शर्ट ६२०५, पँट ६२०३, कापडी टोपी ६५०५. दोन्ही कपडे अगदी एकाच कापडाचे, एकाच रंगाचे, जुळत्या मापाचे असतील तर ‘एन्सेंबल’ म्हणून ६२०३ २३ चा विचार होऊ शकतो, पण चाचाचा शर्ट पट्ट्यांचा आणि पँट काळी असते, तेव्हा सोडा.

खरी आफत तलवार आहे. सेट फुटला की ती ९५०३ मध्ये, म्हणजे खेळण्यांत जाते. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. वर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) परवाना सक्तीचा, आणि तो परदेशातल्या कारखान्याच्या नावावर लागतो, तुमच्या नाही. स्वस्तातल्या तलवारीपायी अख्खा कंटेनर अडवून घेऊ नका. तलवार न घालता पॅक करायला सांगा, ती इथेच घ्या.

अंतराळवीराच्या दिव्यांना घाबरू नका. त्याच विभाग ११ च्या टीप १५ प्रमाणे कपड्याचं मूळ रूप टिकत असेल तर दिवे असूनही तो कपडाच.

पिवळी_पावती
कपड्यांवर मूळ शुल्क साधारण २० टक्के, पण काही ओळींवर नगामागे ठरावीक रुपये असतात आणि दोन्हींपैकी जास्त ते घेतात. स्वस्त पॉलिस्टरला हा नगाचा दर चावतो, तेव्हा आठ आकडी कोड ठरवल्यावर ओळ उघडून बघाच. फक्त टक्केवारीने धरलं तर १००० रुपयांच्या मालावर २०० शुल्क, त्यावर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार २०, मग १२२० वर ५ टक्के आयजीएसटी ६१. एकूण २८१. हा ५ टक्के दर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत आहे, त्याहून महाग नगाला १८ टक्के.

कापडात बंदी असलेले घातक आझो रंग नसल्याचं प्रमाणपत्र माल निघण्याआधी, त्या देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं घ्या. नसेल तर इथे नमुने काढतात आणि अहवाल येईपर्यंत कंटेनरचं भाडं चढत राहतं.

रावपुरा_ठोक
कपड्यात टाकलं की बीआयएस सुटलं, असं धरू?

कोडवाचक
अजिबात नको. बीआयएस सक्तीचं करणाऱ्या खेळण्यांच्या आदेशातली व्याख्या कोडवर नाही, वापरावर आहे: १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू. आणि खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक आयएस ९८७३, त्याचा भाग २, ज्वलनशीलतेचा, वेषांतराच्या पोशाखांनाही लागू पडतो. बीआयएसकडून आधी लेखी उत्तर मागवा. तेच कागद पुढे अधिकाऱ्यासमोर कामाला येतात.

कोडबद्दल धाकधूक असेल तर मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे (आयातीआधीच कोडबद्दल कस्टमवर बंधनकारक निर्णय देणारी संस्था) अर्ज करा. फी १०,००० रुपये, निर्णयाला कायद्याने तीन महिने, आणि तो काही वर्षं चालतो. अर्जासोबत प्रत्येक ड्रेसचा खरा नमुना, कापडाचे तुकडे, वजनानुसार धाग्यांचं प्रमाण आणि आतल्या शिलाईचे फोटो द्या. चार ड्रेसना मिळून एकच वर्णन लिहू नका, चार वेगळी लिहा. आणि हे कंटेनर भरण्याआधी.

रावपुरा_ठोक
तलवार काढायला आजच सांगतो. नेटचा तुकडा कुरियरने मागवलाय, भिंग आहे घरात.