अब्यूज, गैरवापर आणि आपला छळ

परवा एका माहितीपत्रकाचं मराठी करत बसलो होतो, चारच पानं, पण त्यात ‘अब्यूज’ हा शब्द पाच वेळा आला आणि पाचही वेळा वेगळा शब्द टाकायची वेळ आली. पदाचा अब्यूज म्हणजे गैरवापर, ठीक. व्हर्बल अब्यूज म्हणजे शिवीगाळ, तेही ठीक. औषधांच्या अब्यूजला सरळ नशेसाठी वापर लिहून टाकलं. गाडी अडली ती म्हाताऱ्या माणसांपाशी. माझ्या आधी कुणीतरी कच्चं भाषांतर करून ठेवलं होतं त्यात चक्क ‘वृद्धांचा गैरवापर’ होतं! आधी हसू आलं, मग कसंतरीच झालं. वापर वस्तूचा होतो हो, आजोबांचा कसला वापर. ‘त्याने माझा वापर करून घेतला’ असं आपण म्हणतो खरं, पण तिथे तक्रारच ती असते ना, की मला वस्तूसारखं वागवलं.

इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही कारण त्यांचा शब्द मुळात वापरावरूनच आलाय. लॅटिनमध्ये ‘उती’ म्हणजे वापरणे, त्याला ‘अब’ लागला की भलतीकडेच वापरणे, मग ते पद असो नाहीतर माणूस. आपल्या गैरवापरातला ‘गैर’ अरबी आणि ‘वापर’ म्हणजे संस्कृत व्यापाराचं झिजलेलं रूप. पण हा जोडशब्द वस्तू, अधिकार, सवलत असल्या गोष्टींनाच चिकटून राहिला, माणसाला लावला की खटकतो.

माणसासाठी आपल्याकडे छळ आहे. आणि या शब्दाची गंमत अशी की संस्कृतात छल म्हणजे फसवणूक, बतावणी, निमित्त. हिंदीत अजूनही तेच, त्यामुळे आपण ‘लैंगिक छळ’ म्हणतो तिथे त्यांना ‘उत्पीडन’ म्हणावं लागतं, छल म्हटलं तर अर्थच बदलेल. आपल्याकडे तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१३च्या कायद्याच्या मराठी नावातच लैंगिक छळ आहे. एकच शब्द, ल चा ळ झाला आणि फसवणुकीचा जाच झाला.

न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नव्हे तर तर्काच्या जुन्या शास्त्रात, छल ही वादविवादातली एक लबाडी आहे, त्याच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, तिचे तीन प्रकार दिलेत. वाक्छलाचं ठरलेलं उदाहरण नवकंबलाचं. कुणी म्हणालं की हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्याकडे नवीन घोंगडी आहे. समोरचा लगेच, नऊ कुठायत? एकच तर दिसतेय! नव म्हणजे नवीनही आणि नऊही. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय हे पक्कं कळलेलं असतं, पण मुद्दाम दुसरा अर्थ धरून त्याला कोंडीत पकडायचं. आता हेच दिवसभर कुणी तुमच्याशी केलं तर तुम्ही काय म्हणाल? ‘काय छळवाद मांडलाय!’ असंच ना. त्या छळवादातही वाद बसलेलाच आहे बघा.

मला वाटतं फसवणुकीपासून जाचापर्यंतचा रस्ता पुराणकथांमधून गेला असावा. जयदेवाच्या दशावतारांत वामनाबद्दल ‘छलयसि विक्रमणे बलिम्’ असं येतं, तिथे अर्थ स्वच्छ आहे, बळीला फसवलं. पण मराठी माणूस ‘वामनाने बळीला छळलं’ ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर डोक्यावर पाय ठेवलेला बिचारा बळी येतो, आणि दोन्ही अर्थ चालून जातात. विश्वामित्र-हरिश्चंद्राचंही तेच, आधी शब्दात पकडलं आणि मग राज्य गेलं, बायको-मुलगा विकावे लागले, स्मशानात चाकरी करायची पाळी आली. आधी छल मग छळ, असं एकाच गोष्टीत सगळं. ऐकणाऱ्याच्या लक्षात डाव राहत नाही, भोग राहतात. हा माझा तर्क हं, पण पटण्यासारखा आहे.

हाल या शब्दाचंही असंच झालंय. अरबीत हाल म्हणजे नुसती स्थिती, बरी किंवा वाईट. ‘हालहवाल’मध्ये ती साधी राहिली, पण ‘हाल झाले’ म्हटलं की मराठीत वाईटच. जुलूमाची तर आणखी मजा, जुने अरबी कोशकार जुल्मची व्याख्या ‘वस्तू तिच्या जागी न ठेवता भलत्याच जागी ठेवणे’ अशी करतात. म्हणजे चुकीचा वापर आणि माणसावरचा अन्याय एकाच शब्दात, लॅटिनवाल्यांसारखंच. आपण तो शब्द घेतला पण ही बाजू काही आपल्यापर्यंत आली नाही.

छळाची एक अडचण आहे, तो फार पसरट झालाय. सुनेचा छळ होतो, डास छळतात, आठवणी छळतात, आणि मांडीवर नाचणाऱ्या पोराला आई लाडाने ‘नको ना रे छळूस’ म्हणते. शिवाय छळात करणाऱ्याचा हेतू असतो. म्हाताऱ्या माणसाला वेळेवर औषध न देणं, चार दिवस कपडे न बदलणं, याला छळ म्हणवत नाही, ती हेळसांड. यातला हेळ म्हणजे अवहेलनेतला हेल, तुच्छ लेखणं, आणि सांडणं म्हणजे इथे ओतणं नाही तर टाकून देणं, पसायदानात ‘खळांची व्यंकटी सांडो’ म्हणताना जे सांडणं आहे ते. किमतीचं न समजून टाकून दिलं, इतका नेमका शब्द अब्यूजच्या आसपास इंग्रजीत मला तरी सापडला नाही.

तर पत्रकात ‘वृद्धांचा छळ आणि हेळसांड’ असं लिहून मोकळा झालो. पण पाचवा अब्यूज अजून बोकांडी बसलाय, फायनान्शियल. गोड बोलून कोऱ्या कागदावर सही घ्यायची आणि खातं रिकामं करायचं, तो प्रकार. सध्या ‘आर्थिक लुबाडणूक’ टाकलंय, पण त्यात ते गोड बोलणं येत नाही. ‘आर्थिक छळ’ लिहिलं तर लोकांना पैशासाठी मारहाण वाटणार. छळाचा जुना अर्थ शिल्लक असता तर इथे फिट्ट बसला असता! लुबाडणुकीपेक्षा बरं काही सुचतंय का कुणाला?