प्रभाग समितीसमोर सुरक्षेचा प्रस्ताव: 5 लाखांत कॅमेरे मागावेत की दिवे?

उपनगरवासी

नमस्कार. आम्ही पुण्याच्या एका उपनगरात राहतो. मुख्य रस्त्यापासून आमच्या घरांपर्यंत येणारी साधारण साडेतीनशे मीटरची एक गल्ली आहे. तिच्या एका बाजूला तीन सोसायट्यांची कुंपणभिंत आहे, दुसऱ्या बाजूला वस्ती आहे आणि मधोमध सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. गेल्या काही महिन्यांत या गल्लीत दोन वेळा गळ्यातील साखळी ओढून नेण्याचा प्रकार घडला. तक्रारी नोंदवल्या गेल्या, काही दिवस गस्तीची गाडीही फिरली. परंतु संध्याकाळी सातनंतर तेथून एकटीने जाण्याची भीती अजून गेलेली नाही.

मागील महिन्यात प्रभाग समितीच्या बैठकीत निवेदन देण्यासाठी आम्हाला बोलावण्यात आले होते. तिन्ही सोसायट्यांच्या वतीने आम्ही सोळा सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची मागणी केली. एक सदस्य म्हणाले की सुरक्षा हा पोलिसांचा विषय आहे, महापालिकेचा नव्हे. दुसऱ्यांनी निधी कोठून आणायचा, असे विचारले. आणि विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला. दरम्यान, नागरिकांच्या सहभागातून तयार होणाऱ्या अंदाजपत्रकासाठी अर्ज द्यावा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तेथे एका कामासाठी 5 लाखांची मर्यादा असल्याचे समजते.

या समितीला अशा कामाला मंजुरी देण्याचा अधिकार नेमका किती आहे, आणि मर्यादित रकमेत कॅमेरे मागणे शहाणपणाचे की दिवे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फाइलवाला

मी अनेक वर्षे एका महापालिकेच्या लेखा विभागात काम करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आधी अधिकाराविषयी लिहितो.

74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या, म्हणजेच आपल्या प्रभाग समित्या, बंधनकारक केल्या, आणि आपल्या महानगरपालिका अधिनियमात त्यासाठी कलम 29 अ आले. त्या भागातील नगरसेवक, प्रभागाचा कार्यभार सांभाळणारा अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांतून नामनिर्देशित केलेले जास्तीत जास्त तीन सदस्य, अशी समितीची रचना असते. नागरी सेवांविषयीच्या तक्रारींचे निवारण करणे, आपल्या भागापुरत्या अंदाजपत्रकाच्या शिफारशी करणे आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या कामांना प्रशासकीय व वित्तीय मंजुरी देणे, हे तिचे अधिकार आहेत. मात्र या शेवटच्या अधिकाराला एक शेपूट आहे, आणि बहुतेक निवेदने तेथेच अडकतात: त्या कामासाठी अंदाजपत्रकात विवक्षित तरतूद असली पाहिजे. तरतूदच नसेल तर समितीने एकमताने ठराव केला तरी लेखा विभाग फाइल परत पाठवणार. आम्ही स्वतः अशा कितीतरी फाइली परत पाठवलेल्या आहेत आणि त्यासाठी शिव्याही खाल्लेल्या आहेत.

त्यामुळे ‘निधी कोठून आणायचा’ हा सदस्यांचा प्रश्न तुम्हाला टोलवाटोलवी वाटला असेल, पण तो रास्त होता. उत्तर तुम्ही तयार करून न्यायला हवे होते. पुण्यात त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट तुम्हाला सुचवलेली, म्हणजे 2006-07 पासून सुरू असलेली नागरिक सहभागाची योजना. तुमचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो, अभियंते त्याचे पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, तयार करतात, प्रभाग समिती शिफारस करते आणि काम पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून येते. दुसरी वाट ‘स’ यादीची, म्हणजे नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या छोट्या कामांच्या यादीची. ती जवळची आहे, पण तेथे बाके, नामफलक आणि कमानी यांची गर्दी आधीच असते.

पहिल्या वाटेने गेलात तर वेळेचे भान ठेवा. अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या दिवसांत मागवले जातात, आयुक्त जानेवारीच्या सुमारास अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात आणि प्रत्यक्ष काम 1 एप्रिलनंतर. तरतूद झाली म्हणजे काम झाले असेही समजू नका, कारण वर्षाच्या मध्यात वर्गीकरण करून ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवता येते. एप्रिलनंतर दर दोन महिन्यांनी लेखाशीर्षाचा (अंदाजपत्रकातील त्या तरतुदीच्या ओळीचा) क्रमांक हातात घेऊन चौकशी करणारा माणूस असेल, तरच पैसे जागेवर राहतात.

स्वच्छ दृष्टी

कॅमेरा की दिवा, यावर मला अनुभवाने बोलता येईल. आमच्या भागात असाच वाद झाला होता. तेव्हा आम्ही आठ-दहा जणींनी रात्री साडेआठ वाजता संपूर्ण रस्ता चालून काढला आणि प्रत्येक खांबाचा क्रमांक वहीत लिहिला. बारा खांबांपैकी तीन बंद होते, चार चालू होते पण फांद्यांत इतके गुरफटलेले होते की उजेड झाडालाच मिळत होता, आणि एका ठिकाणी दोन खांबांमधील अंतर जवळपास दुप्पट होते. म्हणजे नवा खांब केवळ एक हवा होता.

बंद दिवा दुरुस्त करणे हे विद्युत विभागाचे नेहमीचे देखभालीचे काम आहे, त्यासाठी नवी तरतूद लागत नाही. फांद्यांची छाटणी उद्यान विभाग करतो. झाडे जतन करण्याच्या 1975 च्या अधिनियमामुळे परवानगी लागते, म्हणून सोसायटीच्या माळ्याकडून परस्पर छाटून घेऊ नका. दंड तुमच्या गळ्यात पडेल. ही दोन्ही कामे तक्रार नोंदवून मिळवायची आणि 5 लाखांचा अर्ज खरोखर नव्या गोष्टीसाठी राखून ठेवायचा. आमच्याकडे पाठपुराव्याला अडीच महिने लागले. फारच आहेत, पण पुढच्या एप्रिलपेक्षा कमी.

नजर

वरील प्रतिसादाशी मी पूर्णतः सहमत नाही. आमच्या चौकातील दुचाकीचोर सापडला तो एका दुकानाबाहेरील कॅमेऱ्यात वाहनाचा क्रमांक स्पष्ट दिसला म्हणून. दिवा साक्ष देत नाही. धागाकर्त्यांनी कॅमेऱ्यांची मागणी सोडू नये, पण सोळा कशाला? गल्लीची दोन्ही तोंडे बघणारे, रात्री वाहनाचा क्रमांक टिपू शकणारे दोन चांगले कॅमेरे पुरेसे आहेत. उरलेले चौदा केवळ अंधाराचे चित्रण करतील.

फाइलवाला

@नजर, तांत्रिक मुद्दा मान्य आहे. परंतु कॅमेरा ही एकदाची खरेदी नव्हे. वीज, जोडणी, चित्रण साठवण्याची सोय आणि वार्षिक देखभालीचा करार, हा खर्च दरवर्षीचा आहे आणि नागरिक सहभागाच्या अर्जातून तो भागत नाही. हमीची मुदत संपल्यावर तोंड खाली घालून लटकणारे कॅमेरे कोणत्याही शहरात दाखवता येतील. शिवाय चित्रण पाहणार कोण, हे आधी पोलीस ठाण्याशी लेखी ठरले पाहिजे. महिलांच्या सुरक्षेसाठीचा केंद्राचा निर्भया निधी 2013 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला, पण त्यातील सेफ सिटी प्रकल्पाच्या आठ शहरांत महाराष्ट्रातून फक्त मुंबई आहे. त्या पैशाची वाट पुण्याने पाहण्यात अर्थ नाही. पोलिसांच्या कॅमेऱ्यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे मागणी करता येते. तो मार्ग पालकमंत्री आणि आमदारांच्या दारातून जातो.

वस्तीतली ताई

मी अशाच एका वस्तीत बचत गटांचे काम करते. धागा वाचताना एक गोष्ट खटकली, ती स्पष्टच लिहिते. गल्लीत वस्ती आहे हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात सांगितले, पण निवेदन मात्र तीन सोसायट्यांनी दिले. त्या गल्लीतून रात्री सर्वांत उशिरा कोण जाते? तुमच्याच घरांत स्वयंपाक आणि धुणीभांडी करून परतणाऱ्या बायका. रात्री अकरा वाजता मुलीला घेऊन त्या स्वच्छतागृहात कोण जाते? घरात शौचालय नसलेल्या बायका. साखळी ओढली गेली की तक्रार नोंदवली जाते. स्वच्छतागृहाच्या बोळात कोणी वाट अडवली, तर बहुतेक वेळा घरातसुद्धा सांगितले जात नाही.

सोळा कॅमेऱ्यांचा नकाशा तुम्ही दिला असेल, तर त्यांतील किती वस्तीच्या दारांकडे तोंड करून आहेत, हे एकदा मोजून पाहा. आमच्याकडे असा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी त्याचा अर्थ ‘आम्हाला चोर ठरवले’ असाच घेतला आणि वर्षभर कोणी कोणाशी धड बोलले नाही. आम्ही नंतर वेगळा अर्ज केला. स्वच्छतागृहाच्या आत आणि बाहेर दिवे, आतून लागणाऱ्या कड्या आणि महिलांच्या प्रवेशद्वारासमोरील आडभिंत काढणे, एवढेच मागितले. ते 5 लाखांत आरामात बसले.

जुना भिवंडीकर

सुरक्षा हा महापालिकेचा विषय नाही, या सदस्याच्या वाक्यावरून आमच्या गावाची आठवण झाली. भिवंडीने 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लिम दंगली पाहिल्या. 1988 च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसत, आणि बैठकीत नळ, गटार, भांडणे असे सगळेच विषय निघत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी या पोलीस अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली.

साखळीचोरी आणि दंगल यांची तुलना मी करत नाही. सांगायचे एवढेच की त्या बैठकांना निधी जवळपास लागत नव्हता, आणि गटाराची तक्रार ऐकून घेणाऱ्या हवालदाराला लोक उद्या दुसरीही गोष्ट सांगत. ताईंनी ज्या न सांगितलेल्या घटनांविषयी लिहिले आहे, त्या कॅमेऱ्याला कळणार नाहीत. ओळखीच्या माणसाला कदाचित कळतील.

उपनगरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंचा प्रतिसाद वाचून नकाशा पुन्हा उघडला. सोळांपैकी अकरा कॅमेरे वस्तीच्या दिशेने आहेत. तो नकाशा मीच काढला होता, आणि काढताना हे लक्षातही आले नव्हते.

काल रात्री आम्ही सहा जण आणि वस्तीतील चार महिला गल्लीतून चालत गेलो. पाच दिवे बंद आहेत आणि स्वच्छतागृहामागील वळणावर खांबच नाही. बंद दिव्यांची तक्रार आज क्रमांकांसह नोंदवली. अर्ज आता दोन भागांत करण्याचा विचार आहे: स्वच्छतागृहाचे दिवे व कड्या हे एक काम, आणि वळणावरील नवे खांब हे दुसरे. कॅमेरे दोनच आणि तेही सोसायट्यांच्या खर्चाने, मुख्य रस्त्याकडे तोंड करून. परंतु यावर आमच्या सर्वसाधारण सभेत वाद होणार हे नक्की.

एक शंका उरली आहे. वळणावरील जागा रस्त्याची आहे की विकसकाच्या जुन्या रेखांकनातील आहे, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. त्याने अर्ज अडेल का?

फाइलवाला

अडेल. खासगी जागेवर सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही, आणि पूर्वगणनपत्रक करताना कनिष्ठ अभियंता हाच प्रश्न पहिल्यांदा विचारेल. अर्ज देण्यापूर्वी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तो रस्ता महापालिकेच्या ताब्यात आल्याची नोंद आहे का ते पाहा, आणि असेल तर तिची प्रत अर्जाला जोडा. नोंद नसेल तर स्वच्छतागृहाचा अर्ज तेवढा पुढे जाऊ द्या. ते बांधकाम महापालिकेचेच असेल, तर तेथे ही अडचण येणार नाही.