विंडोज १० गेली, पण लॅपटॉप कुठे गेलाय?

उघडझाप (धागाकर्ता)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाबांचा लॅपटॉप २०१६ चा आहे. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. दोन वर्षांपूर्वी त्यात एसएसडी टाकली तेव्हापासून नव्यासारखा पळतो. पण विंडोज ११ त्याला दारातही उभं करत नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. यंत्र धडधाकट, कागदोपत्री भंगार. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत मिळते म्हणे. मुदत वाढली म्हणून कर्ज फिटत नाही.

मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकली.

आता 'फुकट आहे, व्हायरस नाही, जुन्या मशीनवर चालतं' हे सगळं तुम्ही शंभरदा ऐकलंय. त्यासाठी धागा काढलेला नाही. फुकट हे कारण मला मुळात पटतच नाही. आपल्याकडे विंडोजही फुकटच असते, कोपऱ्यावरचा दुकानदार तीनशे रुपयांत 'टाकून देतो'.

माझं कारण मराठी. मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेल्या सॉफ्टवेअरमधलं मराठी फार चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही. ते बिघडलं तर त्यात हात घालता येतो, एवढंच.

एक उदाहरण देतो. बाबा निवृत्त शिक्षक, गावच्या शाळेचा इतिहास लिहितायत. 'डोंगरदऱ्या' शब्द शोधला की काही ठिकाणी सापडायचा, काही ठिकाणी नाही. दिसायला सगळीकडे अगदी सारखा. भानगड अशी की 'दऱ्या'मधला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढे एक अदृश्य जोडखूण. बाबांनी काही मजकूर स्वतः टंकला होता, काही व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवला होता. मी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून सगळे र एका जातीचे केले. मग लिब्रेऑफिस (वर्डसारखं मुक्त सॉफ्टवेअर) त्याच शब्दांखाली लाल रेघा मारू लागलं, तर त्याच्या शब्दकोशाची फाईल उघडली. हनस्पेलचा, म्हणजे त्यातल्या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामचा शब्दकोश म्हणजे साधी मजकूर फाईल असते. शब्द घातले, रेघा गेल्या. कुणाला अर्ज नाही, विनंती नाही.

हे बंद सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवा. मतं येऊ द्या.

जुना_टंकलेखक

पंचवीस वर्षं डीटीपी करतोय. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, निवडणूक आली की पत्रकं. माझ्याकडे पानं जुळवायला पेजमेकर ७ आहे. ते २००१ चं, त्यानंतर पेजमेकर आलंच नाही, आणि माझं काही अडलं नाही. फॉन्ट श्रीलिपीचे. तुमच्या या दऱ्याखोऱ्यांचा त्रास मला एकदाही झालेला नाही, कारण तिथे र जसा दिसतो तसा उमटतो. दोन तऱ्हा वगैरे काही नाही.

तुम्ही म्हणता दुरुस्त करता येतं. साहेब, मला दुरुस्त करायचंच नाही. रात्री अकराला गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं आणि सकाळी सातला फर्मा मशीनवर चढतो. त्या वेळी शब्दकोशाची फाईल उघडत बसू?

भर_दुपार

धागाकर्ते, तुमच्या बाबांकडे लिनक्स चालतं असं म्हणू नका. तुमच्या बाबांकडे *तुम्ही* चालता. स्क्रिप्ट तुमची, शब्दकोश तुम्ही उघडला, उद्या प्रिंटर रुसला तर फोन तुम्हालाच. ज्या बाबांची मुलं मस्कतला किंवा मॅंचेस्टरला आहेत त्यांनी काय करायचं?

(राग नसावा. माझ्या सासऱ्यांना मीच मिंट टाकून दिलं होतं. सहा महिन्यांनी मीच काढलं.)

सीए_डोंबिवली

आमच्या धंद्यात हा विषय दोन मिनिटांत संपतो. टॅली विंडोजची आहे. डिजिटल सहीचा टोकन यूएसबीला लावायचा आणि ब्राउझरने तो ओळखायचा, एवढी माफक अपेक्षा असते. ऑफिसमधल्या एका हौशी मुलाने एका मशीनवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं होतं. रिटर्न भरायची शेवटची तारीख, टोकन दिसेना, ड्रायव्हर कुठला घ्यायचा कुणाला कळेना. शेवटी ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन शेजारच्या मशीनवरून भरली. मुलगा हुशार आहे, आता सीए फायनलला बसलाय. उबुंटू नाही.

कसलं_काय

मूळ धाग्यातच भोक आहे हो. लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतं. हनस्पेलचा शब्दकोश तिथेही हीच मजकूर फाईल. तुमची दहा ओळींची स्क्रिप्टही तिथे चालेल. मग यात लिनक्सचा संबंध काय? बाबांच्या र साठी ऑपरेटिंग सिस्टिम बदललीत?

उघडझाप

@कसलं_काय: मुद्दा मान्य. र साठी बदलली नाही, विंडोज ११ बसत नव्हती म्हणून बदलली. पण मी दोन गोष्टी एकत्र कालवल्या हे खरं. नीट सांगायचं तर, मला लिनक्सपेक्षा उघड्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायचंय. कुठल्याही सिस्टिमवर चालो.

@सीए_डोंबिवली: टॅलीपुढे माझं काही म्हणणं नाही. ज्याचं पोट टॅलीवर आहे त्याने विंडोजच ठेवावी.

@भर_दुपार: हे लागलं. पण विंडोज असतानाही फोन मलाच यायचा. फरक इतकाच की तेव्हा मी 'बंद करून चालू करा' म्हणायचो, कारण त्यापलीकडे मलाही काही करता येत नव्हतं.

@जुना_टंकलेखक: तुमच्याकडे र नीट उमटतो, कारण तिथे तो र नाहीच. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. २००५ च्या दिवाळी अंकातला एक लेख कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवून बघा. फॉन्ट काढला की शंख.

सर्व्हरखालची_पणती

'हात घालता येतो' हे वाक्य मला झोपू देत नाही, कारण हात कुणालाही घालता येतो. एक्सझेडचं प्रकरण इथे किती जणांना माहीत आहे? फाईल आक्रसायची एक छोटी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेली. सांभाळायला मुख्यतः एकच माणूस, तोही फावल्या वेळात आणि थकलेला. 'जिया टॅन' नावाचं एक खातं २०२१ पासून तिथे गुणी मदतनीस म्हणून वावरू लागलं. दुसऱ्या खात्यांवरून त्या थकलेल्या माणसाच्या मागे भुणभुण लागली: काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याकडे सोपवा. हळूहळू जियाच्या हाती किल्ल्या आल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सर्व्हरचं मागचं दार उघडं करून ठेवलं गेलं.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला आपल्या चाचणीच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने बोभाटा केला. तोवर ते डेबियन या लिनक्सच्या चाचणीच्या आवृत्तीपर्यंत आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या येऊ घातलेल्या आवृत्त्यांपर्यंत पोचलेलं होतं. अर्ध्या सेकंदाची कटकट करणारा एक माणूस नसता तर?

माझं घर लिनक्सवर चालतं, सर्व्हर सांभाळणं हाच माझा धंदा. म्हणूनच सांगतोय: उघडं आहे म्हणून कुणीतरी बघत असेल असं प्रत्येकाला वाटतं. त्यामुळे कुणीच बघत नसतं.

पावट्याची_उसळ

पण बघता आलं म्हणून सापडलं ना? आणि त्यातली गंमत सांगायची राहिली. हा फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टचा नोकर!

बंद पेटीत काय होतं ते १९ जुलै २०२४ ला बघितलं की. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक बिघडलेली अपडेट आली आणि ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. विमानतळांवर लोक ताटकळले. तिथे कुणाला अर्धा सेकंद आधी शंका यायची सोय तरी होती का?

सर्व्हरखालची_पणती

ती चूक होती, हा डाव होता. दोन्हींची तुलना नको. आणि न्यायाने बोलायचं तर त्या दिवशी दोष विंडोजचा नव्हता.

रिकामटेकडा_नागपूर

२०१५ साली मायक्रोसॉफ्टचाच एक माणूस परिषदेत बोलून गेला होता की विंडोज १० ही शेवटची विंडोज. आमच्या लॅपटॉपसाठी ती शेवटचीच ठरली.

माळीणबाई

सरकारी कचेरीत काम करते म्हणून खात्याचं नाव घेत नाही. आमच्याकडे अर्धी पत्रं युनिकोडमध्ये, अर्धी डीव्हीबी-टीटी सुरेख या जुन्या फॉन्टमध्ये. सुरेखमधलं पत्र मंत्रालयात पाठवलं की तिकडून फोन येतो: 'मॅडम, चौकोन दिसतायत.' युनिकोड वापरा असे आदेश आहेत, पण जुने नमुने सुरेखमध्ये आणि नव्याने टंकायला माणूस नाही.

आणि एक. २०२२ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायला सांगितलंय. आमच्या संगणकावर मात्र हिंदी वळणाचे ल आणि श उमटतात. याला तुमच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काही उपाय आहे की फक्त वाद आहेत?

उघडझाप

माळीणबाई, आहे. बऱ्याच नव्या युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणं आतच असतात. मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं तरच मराठी वळण बाहेर येतं. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा 'मराठी' करा, बहुतेक ती 'हिंदी' असेल. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श डोळ्यांदेखत बदलतील. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता लावून बघा. तो मुक्त परवान्याचा आहे, खात्याला खर्च नाही.

माळीणबाई

बदलला!! साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, 'आधीचा बरा होता.'

कसलं_काय

😂 धागा इथेच बंद करा.

भर_दुपार

खात्याखात्यांतलं हेच असतं. म्युनिक शहराने २००३ साली विंडोज सोडायचं ठरवलं, दहा वर्षं खपून १५,००० च्या आसपास संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने परत विंडोजचा ठराव केला. कोड उघडा असून उपयोग काय, साहेब बदलले की सगळं बदलतं.

पावट्याची_उसळ

त्याच जर्मनीत श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचं जाहीर केलं, ते सोयीने विसरायचं. आणि इतक्या लांब कशाला? केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत. तिथल्या पोराला 'स्टार्ट बटन कुठाय' हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे संगणक शिकायचा म्हणजे वर्ड आणि एक्सेलच. मग म्हणायचं, लोकांना लिनक्स जड जातं.

नवखा_२००४

सगळे काका-मावशी माफ करा, पण ऑपरेटिंग सिस्टिमचं भांडण आता जुनं झालं. पुढची पेटी एआयची आहे आणि ती 'उघडी' या नावाखाली बंद येतेय. मेटाचं लामा हे एआय मॉडेल डाउनलोड होतं म्हणून लोक त्याला ओपन सोर्स म्हणतात. त्याच्या परवान्यात अट आहे की ७० कोटींवर मासिक वापरकर्ते असलेल्या कंपनीने मेटाकडून वेगळी परवानगी घ्यावी. कशावर शिकवलं तो मजकूर दाखवत नाहीत. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स एआयची पहिली व्याख्या काढली, त्यात ते बसत नाही.

आता उघडझाप यांना प्रश्न. शब्दकोशात शब्द घातला की लाल रेघ गेली. आजीच्या अहिराणी गप्पांचं ध्वनिमुद्रण मी एका फुकटच्या मॉडेलला दिलं, तर त्याने निम्मं हिंदी करून दिलं. आता हात कुठे घालू? आत नुसते आकडे आहेत, अब्जावधी.

उघडझाप

खरं सांगू, याला माझ्याकडे उत्तर नाही. आयआयटी मद्रासच्या एआय४भारतचं इंडिकट्रान्स२ हे भाषांतराचं मॉडेल बघ, आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा, परवाना एमआयटी. मराठी आहे. अहिराणी अर्थातच नाही. तुझ्यासारख्या दहा जणांनी आज्यांची ध्वनिमुद्रणं नीट लिहून काढली तर मॉडेल पुढे शिकवता येईल. पण ते काम दहा ओळींचं नाही, हे कळतंय मला.

जुना_टंकलेखक

दोन दिवस वाचतोय. तुमचं ते ईमेलचं करून बघितलं. शंखच निघाले. २००५ च्या अंकाचे लेखक वारले, त्यांच्या मुलीला लेख पुस्तकात घ्यायचाय, आणि ती परत टंकायचे पैसे विचारतेय. तुमच्या उघड्या दुनियेत यावर काही आहे का? एक परिच्छेद व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

उघडझाप

मिळाला. मुक्त परवान्याचा एक फॉन्ट-बदल्या होता, तो तुमच्या फॉन्टप्रमाणे जुळवून घेतला. आत दोन याद्या असतात: जुनी खूण, नवं अक्षर. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधी टंकलेली असते, ती उचलून अक्षराच्या नंतर न्यावी लागते. रफार अक्षराच्या नंतर असतो, तो आधी आणावा लागतो. ते जमलं. पण 'तऱ्हा' आणि 'कुऱ्हाड' या दोन शब्दांचा पार 'तर्हा' आणि 'कुर्हाड' झाला. म्हणजे पुन्हा तोच र! यादीत एक ओळ वाढवली, 'तऱ्हा' सुधारला. 'कुऱ्हाड' अजून तशीच आहे, बहुधा ओळींचा क्रम चुकतोय. बाकी परिच्छेद परत पाठवलाय, बघा.

जुना_टंकलेखक

बघितला. 'कुऱ्हाड' सोडून दोन जागी अनुस्वारही खाल्लाय, तिसऱ्या आणि सातव्या ओळीत. ते करा, मग पूर्ण लेख पाठवतो. अकरा पानं आहेत. पेजमेकर मी काढणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो.