पदवी हातात आली आणि "पुढे काय?" : तुमचे अनुभव लिहा

सांजपायरी:
काल भाचीचा फोन होता. शेवटचं सेमिस्टर चालू आहे तिचं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "मग, पुढे काय?" पलीकडे एकदम शांतता. मग "बघू मावशी" म्हणाली आणि फोन ठेवला. मला इतकं वाईट वाटलं, कारण हाच प्रश्न ऐकला की त्या वयात माझ्या पोटात खड्डा पडायचा आणि तोच मी तिला विचारला.

माझं सांगते. बीएस्सी केमिस्ट्री, मार्क बरे होते. निकाल लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस बसायच्या आधी विचारायचा, पुढे काय. टेबलावर दोन फॉर्म पडून होते, एक एमएस्सीचा आणि एक औषध कंपनीतल्या क्वालिटी लॅबच्या नोकरीचा. दोन्ही भरून तयार, सही तेवढी नव्हती. पेनचं टोपण काढायचं, परत लावायचं, असे अकरा दिवस. शेवटच्या दिवशी मैत्रीण खाली गाडी चालू ठेवून उभी होती म्हणून जो फॉर्म वर होता त्यावर सही केली. इतकंच. लोकांना वाटतं मी विचार करून निवडलं.

एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला ज्युनिअर मुलांच्या प्रॅक्टिकलला मदतीला उभं करायचे. टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजायचं. डाव्या हाताने ब्युरेटची (खुणा केलेल्या उभ्या काचनळीची) तोटी, उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहायचा, आणि त्यात घातलेल्या फेनॉल्फ्थॅलीन या रंगसूचकाचा दिसेल न दिसेल असा गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त गेला की गडद, आणि परत पहिल्यापासून. एक मुलगा सारखा चुकत होता, रडवेला झाला होता. मी शेजारी उभी राहून फक्त म्हटलं तोटीकडे नको बघू, फ्लास्ककडे बघ. चौथ्या वेळी जमलं त्याला. त्याचा तो चेहरा बघून जो आनंद झाला तो मला स्वतःच्या कुठल्याच रीडिंगने दिला नव्हता. आज 19 वर्षं शिकवतेय. पण सही केल्यापासून हे कळेपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं आणि त्या वर्षाबद्दल मी कोणाशी नीट बोललेच नाहीये.

म्हणून विचारतेय. शेवट काय झाला ते थोडक्यात सांगा, पण मधले महिने लिहा. काहीच ठरलेलं नसतानाचे.

मधली_सुट्टी:
पोटात खड्डा!! अगदी हेच. मी त्या वर्षी नातेवाइकांकडच्या कार्यक्रमांना जाणंच बंद केलं होतं. सविस्तर रात्री लिहिते, मुलाची बस यायची वेळ झाली.

वाळू_खडी:
मला साइटवर जायचंच नव्हतं. चार वर्षं डिझाइन डिझाइन करत बसलो आणि मिळाली साइटच. पहिल्या आठवड्यात स्लम्प टेस्ट करायला दिली, ओलं काँक्रीट किती घट्ट-पातळ आहे ते बघायची. पत्र्याचा शंकू असतो, त्यात थर देऊन काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईचे 25 ठोके, मग शंकू सरळ वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते मोजायचं. माझ्याकडून तिरका उचलला गेला, ढीग एका बाजूला कोसळला. आजूबाजूला दहा-बारा माणसं उभी. फोरमन काका एक शब्द बोलले नाहीत, शंकू धुतला आणि परत माझ्या हातात दिला. त्या दिवशी त्याच काँक्रीटचे भरलेले क्यूब, म्हणजे चाचणीचे चौकोनी ठोकळे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवले. ते 7 दिवसांनी आणि 28 दिवसांनी दाब देणाऱ्या मशीनमध्ये, प्रेसमध्ये, फोडून किती ताकद आली ते बघतात. मी मनाशी ठरवलं 28 दिवस काढायचे, क्यूब फोडायचे आणि राजीनामा द्यायचा, मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. रोज रात्री उघडून वाचायचो, एखादा शब्द बदलायचो. 28व्या दिवशी प्रेसवर काकांनी मलाच उभं केलं. काटा चढत गेला, चढत गेला, आणि पाहिजे होता त्याच्या बराच पुढे जाऊन क्यूब फुटला. काका म्हणाले, "तुझं काँक्रीट आहे हे." मेल पाठवला नाही. डिझाइनला नंतर गेलो, सहा वर्षांनी, आणि ड्रॉइंगवर सळ्या दाटीवाटीने दाखवल्या तर तिथे खडी कशी उतरणार हे मला कोणी सांगावं लागत नाही.

सांजपायरी:
"तुझं काँक्रीट आहे हे." दोनदा वाचलं. काकांना नमस्कार सांगा.

वाळू_खडी:
काका रिटायर झाले ताई, पण फोन असतो. सांगतो नक्की.

आकडेमोड:
थोडं वेगळं लिहिते, कोणाला लागलं तर माफ करा. "आवड शोधा" हे मला त्या वयात फार टोचायचं. बीए झाले तेव्हा वडील आजारी, धाकटी दोघं शिकत होती, माझ्यापुढे दोन फॉर्म नव्हते, एकच नोकरी होती. एका छोट्या ऑफिसात हिशेब. मला मराठी साहित्यात एमए करायचं होतं आणि मी दिवसभर व्हाउचरला नंबर टाकत होते. पहिले सहा महिने मी रोज येताना रडायचे, बसमध्ये खिडकीची जागा त्यासाठीच धरायचे. मग एकदा महिनाअखेरीला पासबुक आणि वही जुळेना, 63 चा फरक. मी तीन तास एकेक नोंद तपासतेय. आमच्या हेडक्लार्क बाई आल्या, फरक बघितला आणि म्हणाल्या, 9 ने भाग जातोय ना, मग कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत, तेवढंच शोध. पाच मिनिटांत सापडलं, 4181 च्या जागी मी 4118 लिहिलं होतं. दोन शेजारचे आकडे उलटे झाले की फरकाला 9 ने भाग जातोच, कायम. मला ते इतकं सुंदर वाटलं की घरी येऊन आईला सांगितलं, तिला काही कळलं नाही पण ती हसली, खूप दिवसांनी हसली. त्या दिवसापासून बसमध्ये रडणं थांबलं. भावंडं मार्गी लागल्यावर एमए पण केलं, चाळिशीत. पण हिशेब सोडला नाही. आवड आधी सापडलीच पाहिजे असं नाही, जबाबदारीच्या पोटात पण सापडते हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते, आणि नाही सापडली तरी त्या माणसाने घर सांभाळलंय हे लहान नाही.

मधली_सुट्टी:
आकडेमोड ताई, खिडकीच्या जागेपाशी डोळे भरून आले माझे.

त्रिज्या:
सुंदर लिहिलंय. 9 चं कारण सोपं आहे, दहाचा आकडा एकाच्या जागी आणि एकाचा दहाच्या जागी गेला की प्रत्येकाचा 9 पटीत फरक पडतो, म्हणून एकूण फरकही 9 च्या पटीत. विषय निघालाच आहे तर, निवडीचं एक गणित आहे. एकामागून एक पर्याय समोर येणार, नाकारलेला परत मिळणार नाही, तर पहिले साधारण 37 टक्के नुसते बघून सोडायचे आणि त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला येईल तो घ्यायचा. एमएस्सी संपताना मी हे शब्दशः वापरायला निघालो होतो, वहीत नोकऱ्यांची यादी करून.

आकडेमोड:
मग सर्वात चांगला मिळतोच का?

त्रिज्या:
नाही. मिळायची शक्यता पण साधारण 37 टक्केच. आणि मुख्य म्हणजे ते गणित "परत जाता येत नाही" या अटीवर उभं आहे. माझ्या गाइडनी वही बघितली आणि एवढंच विचारलं की ही अट तुझ्या बाबतीत कुठे लिहिलीय? मी पीएचडी सोडून नोकरी केली आणि तीन वर्षांनी त्यांच्याकडेच परत गेलो. त्यांनी घेतलं.

पानगळ:
लिहू की नको करत होतो. स्पर्धा परीक्षा, चार प्रयत्न. पहिल्या दोन वेळा पूर्व परीक्षेतच, तिसऱ्यांदा मुलाखतीपर्यंत, चौथ्यांदा परत पूर्वमध्येच. अभ्यासिकेतली माझी खुर्ची ठरलेली होती, भिंतीकडची, तिच्या हातावर माझ्या कोपराने रंग उडाला होता. शेवटचा निकाल लागला त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे डबा घेऊन अभ्यासिकेत गेलो आणि बसलो, पुस्तक न उघडता, संध्याकाळपर्यंत. घरी काय सांगायचं हेच कळत नव्हतं. बाबांनी दार उघडलं, काही विचारलं नाही, म्हणाले हातपाय धू. आठवडाभर तेवढंच. मग एका सकाळी म्हणाले, "तू चार वर्षं वाया घालवली असं मला वाटत नाही, तुला वाटतंय का?" मी खूप रडलो. आता ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, गावसभेत बोलायला उभा राहतो तेव्हा जो कायदा, जो भूगोल तोंडातून येतो तो त्या खुर्चीवरचाच आहे. पण खरं सांगतो, निकालाचा महिना आला की अजून झोप लागत नाही.

वाळू_खडी:
भाऊ, बाबा मोठा माणूस.

मधली_सुट्टी:
पानगळ, माझा भाऊ यातून गेलाय. पाठवू का त्याला हे? नाव नाही सांगत.

पानगळ:
पाठवा ना. त्याला बोलायचं असेल तर मी आहे.

जुनी_वही:
ग्रंथपाल आहे, म्हणून एका थोर माणसाची गोष्ट. एस. आर. रंगनाथन मुळात गणित शिकवायचे. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना तो एकटेपणा सहन होईना, परत कॉलेजात शिकवायला घ्या म्हणून मागे गेले. तेव्हा तोडगा निघाला की आधी लंडनला जाऊन या विषयाचं शिक्षण घ्या, तरीही नाही आवडलं तर परत या. तिथे त्यांनी एकामागून एक ग्रंथालयं पाहिली, दुकानात मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचा संच पाहिला आणि सुट्या भागांपासून पाहिजे ते जोडता येतं तसं विषयांचंही जोडता येईल हे डोक्यात आलं. त्यातूनच पुढे कोलन वर्गीकरण, पुस्तकं विषयवार लावायची त्यांची पद्धत, 1933 मध्ये. मी इतिहासात एमए करून दीड वर्ष घरी होते, ग्रंथालयशास्त्राला प्रवेश घेतला तो फक्त घराबाहेर पडायला मिळावं म्हणून, आणि तिसऱ्या आठवड्यात सोडणार होते. आमच्या बाईंनी हे सांगितलं. मी म्हटलं त्यांना परत जावंसं वाटलं तर मला वाटलं यात काय बिघडलं, अजून एक महिना बघू. तो महिना अजून चालू आहे.

त्रिज्या:
गणितवाल्यांना परत जायची वाट मोकळी ठेवलेली आवडते बहुतेक. डार्विनचंही असंच, मेडिकल सोडलं, मग धर्मोपदेशक व्हायचं ठरलं, आणि 1831 मध्ये बीगल जहाजावरून सफरीला जायची संधी आली तर वडील नको म्हणाले. मामाने मध्ये पडून त्यांना राजी केलं.

मधली_सुट्टी:
घरात असा एक मामा पाहिजेच. किंवा मावशी.

कोरा_पान:
मी आत्ता तिथेच आहे, निकाल लागून दोन महिने झाले. सगळ्यांचं वाचलं. मला कोणी असं सांगितलंच नव्हतं की तुम्हालाही कळत नव्हतं. सगळे मोठे लोक असं बोलतात की आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. वाळू_खडी दादा, 28 दिवस ही कल्पना मी घेतेय. एका ठिकाणी ट्रेनी म्हणून बोलावलंय, सोमवारी हो कळवते.

वाळू_खडी:
कळव. आणि ड्राफ्ट लिहून ठेव, त्याने झोप लागते.

आकडेमोड:
बाळा, जॉइन झालीस की इथे येऊन लिही, वाट बघते.

सांजपायरी:
आज संध्याकाळी भाचीला फोन केला. पुढे काय विचारलं नाही, आज लॅबमध्ये काय केलंस विचारलं. चाळीस मिनिटं बोलत होती! टीएलसीची, म्हणजे मिश्रणातली संयुगं सुटी करून दाखवणारी, प्लेट लावली होती, तिला वाटत होतं एकच संयुग आहे, यूव्ही दिव्याखाली धरली तर एकाला एक चिकटून दोन ठिपके. सर घरी गेले होते आणि ही एकटीच ते दोन ठिपके बघत बसली, म्हणे मावशी मला कोणाला तरी सांगायचं होतं. फोन ठेवताना स्वतःच म्हणाली की उद्या परत लावून बघणारे, नीट सुटे होतात का.

जुनी_वही:
किती छान. प्लेटवर चढवायला सॉल्व्हंट (द्रावक) काय वापरतेय हो? लेक यातलीच आहे, तिला विचारते.

सांजपायरी:
हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट म्हणाली, प्रमाण नाही विचारलं मी.

जुनी_वही:
लेक म्हणते, ठिपके खूप वर गेले असतील तर इथाइल ॲसिटेट थोडं कमी करून बघायला सांगा.